प्रतीक्षा यादीतली चौथी

जून महिन्यातल्या पहिल्याच मंगळवारी हैदराबादच्या विद्यापीठाच्या यादीत मेघा वाहूळचं नाव लागलं आणि त्या दिवसापासून तिचं कशातच लक्ष लागेना. नाव लागलं होतं खरं, पण प्रवेशाच्या यादीत नव्हे, तिच्या खालच्या प्रतीक्षा यादीत. एम.एस्सी. संख्याशास्त्राला अनुसूचित जातीच्या सहा जागा होत्या. सहा नावं, त्यांच्याखाली एक आडवी रेघ, आणि रेघेखाली आणखी पाच नावं. त्या पाचांत मेघा चौथी.

तिनं वडिलांना सांगितलं तेव्हा ते दाढी करत होते. कडुबा वाहूळ यांची सारी उमर वाळूजच्या कंपन्यांची शिफ्टची बस चालवण्यात गेली होती. आता पाठ धरल्यामुळं घरी असत. त्यांनी आरशातूनच विचारलं, "म्हंजी लागलं म्हनायचं का नाय लागलं म्हनायचं?"

मेघानं यादी पुन्हा उघडून बघितली. तेच तर कळत नव्हतं.

मेघा तेव्हा एकोणतीस वर्षांची होती. मुकुंदवाडीत रेल्वे स्टेशनच्या अलीकडं त्यांचं दोन खोल्यांचं घर. आईवडील, ती आणि पत्र्याखाली अभ्यासाचं टेबल. ती वाळूजला दुचाकीच्या ब्रेकचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात तपासनीस होती. शंभरातले पाच नग उचलायचे, मापाचं गेज लावून बघायचं, पाचांतला एक जरी बाद निघाला तर सगळा लॉट परत पाठवायचा. आठ वर्षं ती हेच करत आली होती आणि तिचा हात असा बसला होता की नुसता नग तळव्यावर घेतला तरी तिला शंका यायची. लाईनवरची माणसं तिला घाबरून असत. तिच्या टेबलावरून सुटलेला माल गिऱ्हाइकाकडून परत आला असं कधी झालं नव्हतं.

पण आठ वर्षांपूर्वी तिला तपासनीस व्हायचं नव्हतं. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असताना तिच्या मनात हैदराबादच भरलं होतं. तेव्हा विद्यापीठाची स्वतःची प्रवेश परीक्षा असे, आतासारखी देशभराची एकच नव्हे. कॉलेजातल्या संख्याशास्त्राच्या दमयंती देशपांडे मॅडम तिला फार मानत. त्यांनीच तिच्याकडून मागल्या वर्षीचा पेपर वेळ लावून सोडवून घेतला आणि स्वतः तपासला. शंभरात एक्केचाळीस पडले. मॅडम मायेनं म्हणाल्या, मेघा, तिथं साठाच्या खाली कुणाला उभं करत नाहीत. उगीच आशा लावून वर्ष घालवू नकोस, घरची परिस्थिती बघ, काहीतरी पक्कं धर. मेघानं फॉर्म भरला नाही. त्याच जुलैत ती वाळूजला ठेक्यावर लागली आणि तीन वर्षांनी कायम झाली.

पुन्हा परीक्षेचं खूळ कसं शिरलं, त्यालाही कारण घडलं. कंपनीनं पुण्याहून एका साहेबांना तपासनिसांना शिकवायला आणलं होतं. फळ्यावर नमुन्याचं गणित मांडताना साहेबांची एक पायरी चुकली. मेघानं हात वर करून चूक दाखवली, मग खडू घेऊन पुढचं स्वतःच सोडवलं. साहेबांनी जेवणाच्या सुट्टीत तिला विचारलं की तुम्ही एम.एस्सी. कुठून केलं. तिनं केलंच नाही म्हटल्यावर त्यांना खरं वाटेना. त्या संध्याकाळी घरी येताना तिनं जुनी पुस्तकं पोटमाळ्यावरून काढली. दीड वर्ष ती शिफ्टच्या बसमध्ये, जाताना पाऊण तास आणि येताना पाऊण तास, गणितं सोडवत होती.

एवढं करून चौथा नंबर.

पहिले दोन दिवस तिनं स्वतःला समजावलं की आता आपल्या हातात काही नाही. तिसऱ्या दिवशी ते समजावणं संपलं. प्रतीक्षा यादी तीन शुक्रवारी हलणार होती, वीस जून, सत्तावीस जून आणि चार जुलै. सहांतल्या कुणी फी भरली नाही की पहिल्याला बोलावणं, तो नाही आला की दुसऱ्याला. परीक्षा दिलेल्यांचा टेलिग्रामवर एक ग्रुप होता, त्यात देशभरची साडेतीनशे पोरं एकच प्रश्न विचारत होती, 'चान्स है क्या?' कुणी म्हणे है, कुणी म्हणे भूल जा. कारखान्यात फोन लॉकरमध्ये ठेवावा लागे, म्हणून मेघा दर तासाला पाणी प्यायचं निमित्त करून लॉकरशी जाऊ लागली. नखं खाल्ली जाऊ लागली. जेवताना आईनं दोनदा भाजी वाढली तरी तिला कळलं नाही. आणि पुढच्या बुधवारी तिच्या टेबलावरून एक बाद लॉट सरळ पुढं गेला. पॅकिंगच्या बाईनं तो पकडला म्हणून निभावलं. सुपरवायझर नुसता तिच्याकडं बघत राहिला, आणि ते बघणं तिला शिवीपेक्षा जास्त लागलं.

तेव्हा तिनं ठरवलं की अंदाजच करायचा तर नीट करायचा. ग्रुपमधल्या जुन्या विद्यार्थ्यांच्या मागं लागून तिनं मागच्या वर्षांच्या याद्या मागवायला सुरुवात केली. कुणाकडं एका सालाची असे, कुणाकडं दुसऱ्या. तीन-चार दिवसांत आठ वर्षांपैकी सात वर्षांच्या मिळाल्या. वहीत तिनं तक्ता आखला: कोणत्या साली किती जागा, यादी कितव्या नंबरपर्यंत गेली. गेल्या साली तीनपर्यंत. त्याआधी पाच. त्याआधी दोन. चौथ्या नंबरापर्यंत यादी सातांतून तीनदाच पोचली होती. सात वर्षांच्या आकड्यांवर काही सिद्ध होत नाही हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. तरी ती रोज तो तक्ता उघडून बघे, जणू आकडे आपोआप बदलतील.

सर्वांत जुनी यादी शेवटी आली. दोन हजार सतराची. म्हणजे तिच्याच सालाची, ज्या साली तिनं फॉर्म भरला नव्हता. तिनं ती सकाळी घराच्या पायरीवर बसून उघडली. खुल्या गटात शेवटचा प्रवेश बासष्ट गुणांवर झाला होता. मॅडमचा साठाचा आकडा चुकीचा नव्हता. मग तिनं खालचं पान काढलं. अनुसूचित जातीच्या सहा जागा. भरलेल्या चार. शेवटचा प्रवेश चौतीस गुणांवर. प्रतीक्षा यादी संपलेली. दोन जागा रिकाम्या.

तिनं पान दोनदा बंद करून उघडलं. एक्केचाळीस आणि चौतीस. मग ती उठली आणि आत न जाता तशीच चपला न घालता गल्लीच्या टोकापर्यंत चालत गेली आणि परत आली. आईनं विचारलं काय झालं, तर म्हणाली, काही नाही, पाय अवघडले होते.

त्याच रविवारी ती ज्योतीनगरला दमयंती मॅडमच्या घरी गेली. मॅडम आता निवृत्त झाल्या होत्या, केस पांढरे झाले होते. त्यांनी तिला लगेच ओळखलं, आत बसवलं, सरबत दिलं. प्रतीक्षा यादीचं ऐकून त्यांना मनापासून आनंद झाला. मेघानं फोन काढून सतराची यादी त्यांच्यासमोर धरली. मॅडमनी चष्मा लावून खुल्या गटाचं पान वाचलं आणि मान हलवली, जसं काही म्हणत होत्या की मी सांगितलंच होतं. मेघानं बोटानं पान खाली सरकवलं.

मॅडमना वाचायला वेळ लागला. वाचून झाल्यावरही त्या फोन तसाच हातात धरून होत्या.

"हे पान मी तेव्हा बघितलंच नव्हतं गं," त्या म्हणाल्या. "मी नेहमी वरचंच पान बघायचे."

"मला एक्केचाळीस होते मॅडम."

"आठवतं मला. मीच तपासला होता." मग त्या म्हणाल्या, "तुला खोटी आशा नको, असं वाटलं होतं मला."

येताना वाटेत मेघानं बरंच काही ठरवलं होतं, त्यातलं एकही वाक्य आता तोंडाशी येईना. समोरची बाई दुष्ट नव्हती. दुष्ट असती तर बोलणं सोपं गेलं असतं. तिनं सरबत संपवलं, मॅडमच्या पाया पडायची तिची सवय होती ती त्या दिवशी पाळली नाही, आणि निघाली. मॅडम फाटकापर्यंत आल्या.

वीस तारखेला यादी हलली. पहिल्या दोघांना बोलावणं गेलं आणि दोघांनीही फी भरली. आता मेघाच्या वर एकच नाव उरलं, प्रणय पगारे. ग्रुपमध्ये याच नावाचा एक जण होता आणि त्याच्या नावापुढं वैजापूर लिहिलेलं होतं. मेघाला हसू आलं. साऱ्या देशातून तिच्या वरचा माणूस निघाला तो बसनं दोन तासांवरचा.

तिनं त्याला लिहिलं की मी यादीत तुमच्या खालची, भेटायचं आहे. कशासाठी ते लिहिलं नाही. त्यालाही ते विचारावंसं वाटलं नसावं. या म्हणाला.

सुट्टीच्या दिवशी ती सकाळची बस धरून वैजापूरला गेली. प्रणय मार्केट यार्डात एका अडत्याकडं लिलावाच्या चिठ्ठ्या लिहायला जात होता. तेवीस वर्षांचा, अंगानं किरकोळ, शर्टावर कांद्याचा पाचोळा चिकटलेला. लिलाव उरकल्यावर दोघं यार्डाबाहेरच्या चहाच्या टपरीवर बसली. मेघानं आडपडदा ठेवला नाही. म्हणाली, "तुम्ही जाणार का नाही, एवढं कळलं तर मला माझं ठरवता येईल. म्हणून आले."

प्रणयनं रागावण्यासारखं काही मानलं नाही. उलट कुणीतरी विचारलं याचंच त्याला बरं वाटलं असावं. त्याची गोष्ट सरळ होती. तो बँकेच्या क्लार्कची परीक्षा पास झाला होता. परभणीच्या शाखेत तीस जूनपर्यंत हजर व्हायचं पत्र हातात होतं. आई म्हणत होती, बँक सोडू नको. मामा म्हणत होते, बँक सोडणाऱ्याला वेडा म्हणतात. त्याचं मन हैदराबादकडं होतं, पण मनाचा भरवसा नव्हता.

बोलता बोलता परीक्षेतल्या प्रश्नांवर विषय गेला. एकसष्टावा प्रश्न दोघांनाही आठवत होता. मेघानं त्याला दीड पान लावलं होतं. प्रणयनं खिशातली लिलावाची कोरी चिठ्ठी काढली, मागच्या बाजूला सहा ओळी लिहिल्या आणि पुढं सरकवली. मेघानं ती वाचली, पुन्हा वाचली. इतकी साधी वाट तिला दीड वर्षात सुचली नव्हती. पोरगा तयारीचा होता, आणि ते त्याला माहीत नव्हतं.

"ताई," तो म्हणाला, "तिथं दिल्लीची, कोलकात्याची पोरं येतात म्हणे. तुम्ही एवढ्या याद्या बघितल्या, तुम्हीच सांगा. माझा निभाव लागंल का तिथं? का बँक धरू?"

मेघाच्या हातातला चहा निवत गेला. नुसतं एवढं म्हणायचं होतं की अवघड आहे रे, पक्कं धर. खोटंही ठरलं नसतं. अवघड तर होतंच.

"हे मला विचारू नको," ती शेवटी म्हणाली. "मी तुझ्या खालच्या नंबरावर आहे. माझ्या तोंडून निघेल त्याचा काय भरवसा?"

त्याला ते पटलं. दोघांनी एकमेकांचे नंबर घेतले आणि ती परतीच्या बसमध्ये बसली.

बस लासूरपर्यंत येईतो तिला बसवेना. खिडकीची काच वर केली, खाली केली, पिशवी मांडीवरून पायाशी ठेवली, पुन्हा उचलली. आपण खरं बोललो, फसवलं नाही, असं तिनं स्वतःला चार वेळा सांगितलं. पण गप्प बसणंही त्या पोराला उत्तरासारखंच ऐकू जाणार, हे तिला दिसत होतं. तो घरी जाईल, आई बोलेल, मामा बोलेल, आणि जिच्याकडं सगळे आकडे होते ती काही बोलली नाही, एवढंच त्याच्याजवळ राहील. लासूरच्या स्टँडवर बस थांबली तेव्हा ती खाली उतरली, कंडक्टरला म्हणाली पाच मिनिटं, आणि फोन लावला.

"प्रणय, मघाशी मी अर्धंच बोलले," ती म्हणाली. "एकसष्टावा प्रश्न तू सोडवलास तसा मला येत नाही. तुझा निभाव लागेल. बँकेची परीक्षा पुढच्या सालीही निघेल. तुझ्या जागी मी असते तर गेले असते."

पलीकडं यार्डात ट्रक भरण्याचा गलका चालू होता. मग तो म्हणाला, "आणि तुमचं काय ताई?"

"माझं मी बघते," म्हणून तिनं फोन ठेवला. बस सुटायला लागली होती. ती पळत जाऊन चढली.

सत्तावीस तारखेला एक जागा सुटली आणि बोलावणं प्रणयला गेलं. रविवारी दुपारी त्यानं फी भरल्याची पावती तिला पाठवली. मेघानं अभिनंदन असं लिहिलं आणि फोन पालथा ठेवला. चार जुलैला ती सुट्टी टाकून घरी बसली. दर दहा मिनिटांनी यादीचं पान उघडत होती. संध्याकाळी पाचला पानावर एक ओळ आली, प्रवेश प्रक्रिया पूर्ण झाली. यादी तीनवर थांबली होती.

गणित स्वच्छ होतं, ते टाळायला जागा नव्हती. प्रणय परभणीला गेला असता तर ती सुटलेली जागा मेघाची होती.

तिला वाईट वाटलं, फार वाटलं. आपण मोठं मन दाखवलं असं एकदाही वाटलं नाही. उलट रागच आला, स्वतःचा, त्या पोराचा, लासूरच्या स्टँडचासुद्धा. दोन दिवस ती कामावर यंत्रासारखी गेली. तिसऱ्या दिवशी जेवताना तिनं वडिलांना वैजापूरची सगळी हकिकत सांगितली, कारण एकटीनं ती बाळगणं तिला जमेना.

कडुबांनी घास खाली ठेवला. "तू गेलीसच कशाला तिथं?" ते म्हणाले. "आन् गेलीस तर गप ऱ्हायचं व्हतं. लई शानी झालीस." पाणी पिऊन ते बाहेर जाऊन बसले आणि दोन दिवस तिच्याशी कामापुरतंच बोलले. आई मधल्यामध्ये दोघांना वाढत राहिली.

तिसऱ्या दिवशी सकाळी मेघा कामाला निघाली तेव्हा वडील पायरीवरच होते. तिच्याकडं न बघता म्हणाले, "ते पोरगं हाय कसं?"

"हुशार आहे, दादा."

"तुझ्याहून?"

"एका गणितात तरी."

त्यांनी हुं केलं. मग रस्त्याकडं बघत विचारलं, "पुढच्या साली फारम कधी निघतो?"

ऑगस्टपासून प्रणयचे हैदराबादहून फोन येऊ लागले. सुरुवातीला तो घाबरलेला असे. तिथली मुलं भराभर इंग्रजीत बोलतात, सर पुस्तकातलं सोडून भलतंच विचारतात, परत यावंसं वाटतं, असं सांगे. मेघा ऐकून घेई. एकदा त्याला नमुन्याच्या तपासणीचं प्रकरण अजिबात उलगडेना, तेव्हा तिनं सकाळच्या बसमध्ये उभ्यानं, एका हातानं दांडी धरून, वाळूज येईपर्यंत त्याला आपल्या टेबलावरची रीत समजावून सांगितली: पाचच नग का उचलतात, एक बाद निघाला तर सगळा लॉट का परत जातो, आणि तरीही कधी कधी चुकीचा लॉट कसा सुटतो. शेजारच्या बाया तिच्या तोंडाकडं बघत राहिल्या. बदल्यात तो तिला तिथल्या तासांच्या वहीचे फोटो पाठवू लागला. ती ते घरी मोठे करून उतरवून घेई. कधी उतरवता उतरवता तिला एकदम चीड यायची, की ही वही माझी असती. मग ती वही बाजूला ठेवून भांडी घासायला घेई, आणि तासाभरानं परत उघडायची.

डिसेंबरात फॉर्म निघाला त्या दिवशीच तिनं तो भरला. या वेळी कुणालाही विचारलं नाही, तक्ताही आखला नाही. मार्चमध्ये परीक्षा झाली. चिकलठाण्याच्या केंद्रावर तिच्या खोलीत बहुतेक सगळी विशी-बाविशीतली पोरंपोरी होती. एका मुलीनं तिला पर्यवेक्षक समजून पेन मागितलं. मेघानं दिलं.

एप्रिलात उत्तरसूची जाहीर झाली. मेघानं दुपारी पत्र्याखाली बसून आपली उत्तरं एकेक करून ताडून पाहिली. मागच्या सालापेक्षा एकवीस गुण जास्त भरत होते. ग्रुपवर पोरांचे प्रश्न सुरू झाले होते, इतने में होगा क्या, कोई तो बताओ. तिनं ग्रुप बंद केला.

कडुबा आत आले. "किती व्हत्यात?"

तिनं आकडा सांगितला.

"तेवढ्यात व्हतंय का?"

"माहीत नाही दादा."

"अंदाज तर आसंल."

"आहे," ती म्हणाली, "पण सांगत नाही."

ते पाठीला हात लावून हळूच बाजेवर टेकले. मेघानं वही मिटली, पुन्हा उघडली, आणि सदतिसावा प्रश्न नीट ताडला का, हे परत एकदा बघायला लागली.